सगळ्यात लहान फासा बाजूला ठेवला की काय होतं?

"मामा, चार फासे टाकायचे आणि सगळ्यात लहान आकडा सोडून द्यायचा, ही ऑफिशियल चीटिंगच झाली ना?" भाच्याने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत त्याच्या मित्राने निकाल देऊन टाकला, "चीटिंग कसली? चौथा फासा लकसाठी असतो."

ही मंडळी रविवारी नेरूळला एकाच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायला जमतात. फासे स्टीलच्या परातीत टाकतात, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊ नयेत म्हणून परातीत नॅपकिन अंथरलेला असतो. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : एक जण डंजन मास्टर होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र चालवतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत १९७४ साली हा खेळ बाजारात आणला. तेव्हापासून प्रत्येक पात्राला सहा गुण असतात : ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण आणि लोकांवर पडणारी छाप. प्रत्येकाला आकडा, साधारण ३ ते १८ मधला. मुलं त्यांना 'स्टॅट्स' म्हणतात. पात्र आपल्या मनासारखं घडवायचं म्हणजे आधी प्रत्येकासाठी चार फासे टाकून आणि सगळ्यात लहान सोडून हे सहा आकडे मिळवायचे आणि मग कुठला आकडा कुठल्या गुणाला द्यायचा ते ठरवायचं.

त्या "लकसाठी"वर मी अडलो. चौथा फासा नेमकं काय करतो हे शाळेतल्या गणिताने पूर्ण मोजता येतं, आणि ते मोजण्यात जी गंमत आहे ती मला खेळापेक्षाही जास्त आवडते.

आधी तीन फाशांचं पाहू, कारण सुरुवातीच्या नियमांत तीनच होते. तीन फासे २१६ तऱ्हांनी पडू शकतात (६×६×६). बेरीज १८ यायला एकच तऱ्हा : तिन्हीवर सहा. बेरीज १० यायला मात्र २७ तऱ्हा आहेत, ११ यायलाही २७. म्हणून मधले आकडे सारखे येतात आणि टोकाचे दुर्मीळ. इथे भल्याभल्यांची गफलत होत असे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या जुगाऱ्यांना असं दिसलं होतं की तीन फाशांत ९ पेक्षा १० किंचित जास्त वेळा येतो. पण दोन्ही बेरजा सहाच प्रकारे होतात, मग असं का? उत्तर गॅलिलिओने दिलं. ३-३-३ हा प्रकार एकाच तऱ्हेने पडतो, पण ६-२-१ सहा तऱ्हांनी पडतो, कारण कुठल्या फाशावर कोणता आकडा आला हे वेगवेगळं मोजायला हवं. असं मोजलं की ९ साठी २५ आणि १० साठी २७ तऱ्हा निघतात. फ्रेंच गणितज्ञ पास्कल आणि फर्मा यांची संभाव्यतेवरची प्रसिद्ध पत्रं १६५४ सालची, म्हणजे याच्याही नंतरची.

आपल्याकडे नलोपाख्यानात याच धर्तीची एक जागा आहे. राजा ऋतुपर्ण धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाकडे पाहतो आणि पानं-फळं किती ते सांगतो. नल झाड पाडून मोजतो, आकडा बरोबर निघतो. ऋतुपर्ण म्हणतो, मला फाशांची विद्या येते, म्हणून मोजणीही येते. नल ती विद्या शिकतो आणि त्याच क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो. महाभारतातून आधुनिक विज्ञान उपसून काढणाऱ्यांतला मी नाही. तरी फासे आणि मोजणी यांचं नातं त्या कथाकाराला ठाऊक होतं, एवढं मानायला हरकत नसावी. प्राचीन काळी बेहड्याची फळंच फासे म्हणून वापरत.

आता चौथा फासा. चार फासे १२९६ तऱ्हांनी पडतात. सगळ्यात लहान सोडून उरलेल्या तिघांची बेरीज घ्यायची. ही बेरीज सरासरीने किती येईल?

एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणजे चारांची १४. यातून सगळ्यात लहान फाशाची सरासरी वजा केली की झालं. पण सगळ्यात लहान फासा सरासरीने किती असतो? १२९६ ओळी लिहून काढायची तयारी नसेल तर प्रश्न जरा तिरका विचारायचा : सगळ्यात लहान फासा 'निदान २' आहे, असं किती वेळा होतं? निदान २ याचा अर्थ चारही फाशांवर २ किंवा जास्त. प्रत्येक फाशाला पाच पर्याय, म्हणून ५×५×५×५ म्हणजे ६२५. निदान ३ असेल तर प्रत्येकी चार पर्याय : २५६. निदान ४ : ८१. निदान ५ : १६. चारही सहा : १. आणि निदान १ तर सगळ्याच १२९६ वेळा असतो.

या सगळ्या संख्यांची बेरीज करा : १२९६ + ६२५ + २५६ + ८१ + १६ + १ = २२७५. ही बेरीज कशाला, असं वाटेल. समजा एखाद्या फेकीत सगळ्यात लहान फासा ४ आहे. मग ती फेक 'निदान १' मध्ये मोजली गेली, 'निदान २' मध्ये, 'निदान ३' मध्ये आणि 'निदान ४' मध्येही. म्हणजे बरोबर चार वेळा. लहान फासा २ असेल तर दोनदा. प्रत्येक फेक आपल्या लहान फाशाइतक्या वेळा मोजली गेली, त्यामुळे २२७५ ही सगळ्या लहान फाशांचीच बेरीज झाली. तिला १२९६ ने भागलं की १.७५५ मिळतात. १४ मधून ते वजा केले की १२.२४५ उरतात. तीन फाशांची सरासरी साडेदहा असते. चौथ्या फाशाची कमाई म्हणजे पावणेदोन गुण, आणि ती कमाई रोजची, नशिबावर न सोडलेली.

(इथवर डोकं गरगरलं असेल तर हरकत नाही, पुढे सोपं आहे.)

सरासरीपेक्षा टोकांना काय होतं ते जास्त पाहण्यासारखं आहे. १८ यायला आता २१ तऱ्हा आहेत : चारही सहा ही एक, आणि तीन सहा व एक दुसराच आकडा अशा ४×५ म्हणजे २०. तीन फाशांत २१६ पैकी १ होती, म्हणजे १२९६ पैकी ६ असल्यासारखं. १८ ची शक्यता साडेतीन पट झाली. उलट ३ यायला चारही फाशांवर १ लागतो, एकच तऱ्हा, म्हणजे शक्यता एक षष्ठांश झाली. ७ किंवा त्याखालचा रडका आकडा तीन फाशांत शंभरात सोळा वेळा येतो, चार फाशांत सहापेक्षाही कमी. दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चा हाच हिशेब आहे : ज्याचा एखादाच विषय आपटला त्याची टक्केवारी उसळी मारते, सगळीकडे सारखे मार्क असलेल्याला फारसं काही मिळत नाही.

ज्यांना फाशांवर भरवसा ठेवायचा नसतो त्यांच्यासाठी तयार आकडे असतात : १५, १४, १३, १२, १०, ८. हे हवेतून आलेले वाटतात. पण चार फाशांच्या पद्धतीने सहा आकडे काढले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावले, तर सरासरीने १५.७, १४.२, १३.०, ११.८, १०.४ आणि ८.५ येतात. अपूर्णांक छाटले की जवळपास तीच यादी. तिसरा मार्ग म्हणजे 'पॉइंट बाय' : २७ गुण हातात, आणि आकडे विकत घ्यायचे. ८ फुकट, १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण, १४ ला एकूण सात आणि १५ ला नऊ. वरची तयार यादी या दराने घेतली तर बरोबर २७ गुण लागतात. बनवणाऱ्यांनी हिशेब चोख केलाय.

१५ ला नऊ गुण मोजून हातात काय पडतं? खेळात प्रत्यक्ष वापरतात तो 'मॉडिफायर', म्हणजे फाशावर आलेल्या आकड्यात मिळवायची भर : १० वर शून्य, १२ वर +१, १४ वर +२, १६ वर +३. म्हणजे १५ वरही +२ च. ते दोन जादा गुण तेव्हाच वसूल होतात जेव्हा वरून मिळणारा बोनस १५ चे १६ करतो. हा बोनस २०१४ च्या नियमांत पात्राच्या वंशावरून मिळायचा, २०२४ च्या नियमांत त्याच्या पार्श्वभूमीवरून मिळतो. शिवाय लढाईत वार लागला की नाही हे ठरवायला टाकायचा तो वीस बाजूंचा एकच फासा. त्यात मधले-टोकाचे असा भेद नाही, प्रत्येक आकड्याला पाच टक्के. त्यामुळे +१ ची किंमत साधारण पाच टक्के शक्यता, बस्स. ताकद १८ असलेला योद्धा आणि १२ असलेला योद्धा यांच्यात वार लागण्याच्या शक्यतेत पंधरा टक्क्यांचा फरक. कागदावर तो केवढा मोठा दिसतो!

मग "माझा फासाच पनवती आहे" हे काय? नेरूळच्या त्या गटात एकाचा जांभळा फासा कुणी हातात घेतलेला त्याला चालत नाही, आणि दुसऱ्याने आपला हिरवा फासा 'शिक्षा' म्हणून मिठाच्या डबीत कोंडून ठेवला आहे. हसण्यासारखं आहे, पण एमएच-०४ किंवा एमएच-४३ पुढे 'लकी' नंबर मिळावा म्हणून हजारो रुपये मोजणारी मोठी माणसं आपल्याच सोसायटीत राहतात, तेव्हा पोरांना काय बोलणार. फासा खरंच कलता असू शकतो, मात्र ते इतक्या सहज कळत नाही. वीस बाजूंचा चोख फासा शंभर वेळा टाकला तर २० पाचदा यावा. पण एकदाच आला किंवा नऊदा आला तरी नवल वाटायचं कारण नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ वेल्डन यांनी बारा फासे २६,३०६ वेळा टाकल्याचं १८९४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टनना कळवलं. ५ किंवा ६ यायला हवे होते ३३.३३ टक्के, आले ३३.७७. ठिपक्यांच्या जागी फासा कोरलेला असल्याने जास्त ठिपक्यांची बाजू हलकी होते आणि वर येते, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली काई-स्क्वेअर चाचणी (आलेले आणि अपेक्षित आकडे यांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का ते तपासणारी) मांडली तेव्हा हेच आकडे वापरले. एवढा कल पकडायला तीन लाखांहून जास्त फासे पडावे लागले, आणि आपला भिडू तीनदा १ आला की फासा मिठात पुरतो. 'परफेक्टली बॅलन्स्ड' म्हणून महागडे धातूचे फासे विकणाऱ्या जाहिरातींनाही हाच प्रश्न विचारावा : किती वेळा टाकून पाहिले?

भाच्याच्या गटातली खरी भांडणं वेगळ्याच गोष्टीवरून होतात. सहा गुणांची बेरीज चार फाशांच्या पद्धतीने सरासरी साडेत्र्याहत्तर येते, पण तिचं प्रमाण विचलन, म्हणजे बेरजा सरासरीपासून साधारण किती दूर पांगतात त्याचं माप, सात आहे. त्यामुळे एकाच टेबलावरच्या दोघांच्या बेरजांत आठेक गुणांचा फरक पडणं ही अगदी रोजची गोष्ट आहे. एकाला सगळं मिळालं आणि दुसऱ्याला काहीच नाही, असं वाटून रुसवेफुगवे सुरू होतात. यावर त्यांनी स्वतःच तोडगा काढला : पाचही जणांनी एकेक संच काढायचा, सगळे संच भिंतीवर लावायचे, आणि ज्याला जो हवा तो त्याने घ्यायचा, सगळ्यांनी एकच घेतला तरी चालेल. भांडणं थांबली. पण पाच संचांतला सगळ्यात चांगला संच सरासरीने ८१-८२ च्या घरात जातो आणि तोच सगळे उचलतात. डंजन मास्टर पोरगी आता दर लढाईला दोन राक्षस जास्तीचे उतरवते.