आधण

भात, वरण, चहा किंवा रश्शासाठी उकळायला ठेवलेले पाणी म्हणजे आधण. ‘आधण ठेवणे’, ‘आधण येणे’, ‘आधणात तांदूळ वैरणे’ हे वाक्प्रयोग घरोघरी रुळलेले आहेत. स्वयंपाकातल्या इंधनाचा मोठा वाटा या पाण्यावर खर्च होतो आणि त्यातला बराचसा उकळी फुटल्यानंतर वाया जातो.

१ लिटर पाणी २५° से. पासून १००° से. पर्यंत तापवायला सुमारे ३१४ किलोजूल उष्णता लागते. विजेच्या हिशेबात हे ०.०९ युनिटपेक्षाही कमी आहे. घरगुती गॅसची निम्मी-अधिक उष्णता भांड्यात उतरते असे धरले, तर गॅस ११-१२ ग्रॅम जळतो. तेच १ लिटर पाणी पूर्ण वाफ होऊन उडायला मात्र आणखी २,२५७ किलोजूल, म्हणजे सातपटीहून अधिक उष्णता लागते. शिवाय उकळी आल्यावर ज्योत कितीही मोठी केली तरी पाणी जास्त तापत नाही, फक्त वाफ वाढते. खळखळणाऱ्या पाण्यात डाळ लवकर शिजते हा समज म्हणूनच चुकीचा आहे. मंद उकळीचे आणि जोरदार उकळीचे तापमान एकच असते.

बचतीची सुरुवात पाणी मोजून घेण्यापासून होते. दोन कप चहाला पातेलेभर पाणी ठेवले की उरलेले पाणी तापवण्याचा खर्च फुकट जातो. भातात जिरवायचे पाणी तांदळाच्या दुप्पट-अडीचपट पुरते. वेळून काढायच्या भाताला ते बरेच जास्त लागते (कोकणात पेज पितात, त्यामुळे तिथे ते वाया जाते असे म्हणवत नाही). फ्रीजमधले गार पाणी आधणाला घेऊ नये. एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीचे पाणी दुपारी आपसूकच ४०° से. च्या आसपास जाते. ते २५° से. च्या पाण्याऐवजी वापरले तर आधणाचा पाचवा हिस्सा उन्हानेच भागतो.

भांड्याचा तळ रुंद, सपाट आणि ज्योतीपेक्षा मोठा असावा. ज्योत कडेने वर चढत असेल तर ती हवा तापवते आहे असे समजावे. भारतीय मानकानुसार घरगुती गॅस शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. ती मोजतात चाचणीच्या ठरावीक भांड्यांवर. स्वयंपाकघरात लहान टोप, वाऱ्याची झुळूक आणि तुंबलेला बर्नर यांमुळे ती घसरते. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली किंवा भांड्याला काजळी धरू लागली, तर गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाही. अशा वेळी बर्नर गार झाल्यावर काढून त्याची भोके टाचणीने साफ करावीत आणि धुतल्यास पूर्ण वाळवूनच परत बसवावा.

झाकण हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. उघड्या पातेल्यातून उकळी येण्याआधीही वाफ उडत राहते. उसळ किंवा सुकी भाजी शिजवताना झाकणावर, म्हणजे खोलगट ताटलीत, पाणी ठेवण्याची जुनी रीत तर दुहेरी फायद्याची आहे. खालची वाफ गार ताटलीला लागून पुन्हा पाणी होते आणि आपली उष्णता वरच्या पाण्याला देते. तेच गरम पाणी भाजीत घातले की उकळी मोडत नाही. चुलीच्या बाजूची वैलही याच तत्त्वावर चालते : मुख्य चुलीतून निसटणाऱ्या जाळावर तिथे पाण्याचे भांडे तापते.

कुकरमध्ये डबे लावताना तळाशी २-३ सें.मी. पाणी पुरते. जास्त पाणी घातले की शिट्टी उशिरा होते, अगदीच कमी घातले तर ते आटून सुरक्षा झडप वितळते. आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारने वाढला की तापमान १२०° से. पर्यंत जाते. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर ज्योत बारीक करून शिट्ट्यांऐवजी मिनिटे मोजावीत, कारण प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ. ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर हेच टोकाला नेतो : सुमारे १०० ग्रॅम कांडी कोळशावर (कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या कांड्यांवर) पाच माणसांचे जेवण वाफेवर शिजते.

विजेच्या किटलीत उष्णता थेट पाण्यात जाते, त्यामुळे चहापुरत्या पाण्यासाठी गॅसच्या मानाने तिच्यात उष्णता कमी वाया जाते. मात्र झाकण नीट बंद हवे. वाफेच्या उष्णतेने वाकून वीज तोडणाऱ्या धातूच्या पट्टीपर्यंत वाफ पोहोचली नाही तर किटली आपोआप बंद होत नाही आणि उकळतच राहते. बोअरच्या जड पाण्याने तळाशी पांढरा थर धरतो, मग पाणी तापायला वेळ लागतो. १ लिटर पाण्यात १-२ चमचे सायट्रिक ॲसिड घालून उकळावे, अर्धा तास ठेवून दोनदा विसळावे. किटलीत दूध उकळू नये, ते तळाला करपते. इंडक्शनवर लोहचुंबक चिकटेल अशाच सपाट तळाचे भांडे चालते, ॲल्युमिनियमचा टोप चालत नाही.

पिण्याचे पाणी २० मिनिटे उकळण्याचा सल्ला महाराष्ट्रात अजून सर्रास दिला जातो. जंतू मारायला खळखळून उकळी आणि त्यानंतर एखादे मिनिट पुरते. गढूळ पाणी आधी निवळून फडक्याने गाळावे. भांड्यात १ किलोवॉट उष्णता उतरत असेल, तर २० मिनिटांच्या उकळीत जवळपास अर्धा लिटर पाणी नुसते उडते. तेवढ्या उष्णतेत आणखी जवळपास ४ लिटर पाण्याला उकळी आली असती. उकळीने विरघळलेले बहुतेक क्षार जात नाहीत, उलट पाणी आटल्यावर त्यांचे प्रमाण वाढते.