ॲनिलिन नेमकं कुठल्या नावाखाली शोधायचं?

अंतिम वर्षाचा प्लँट डिझाइनचा प्रोजेक्ट मिळाला की नागपुरातला केमिकलचा विद्यार्थी आधी पदार्थाचं नाव, समजा ॲनिलिन हे रसायन, टाइप करतो. गाडी तिथेच अडते. या अडचणीचं मूळ जुन्या छापील सूचींत आहे.

जगभरच्या शोधनिबंधांचे आणि पेटंटांचे गोषवारे देणारं 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स' अमेरिकेत १९०७ मध्ये निघालं. डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये नागपुरात एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) उभी राहिली, तेव्हा संदर्भ शोधणं म्हणजे असल्या सूची चाळणंच होतं. १९७२ पासून या सूचीने रूढ नावं सोडली. ॲनिलिन 'बेंझिनअमाइन' झालं, ॲसिटोन '२-प्रोपेनोन'. टोल्युइन तर थेट 'बेंझिन'च्या नोंदीखाली गेलं. म्हणून जुन्या आणि नव्या खंडांत एकच नाव धरून चालत नाही. यावरचा उपाय १९६५ मध्येच आला होता: कॅस रजिस्ट्री क्रमांक, म्हणजे नाव कुठलंही असलं तरी प्रत्येक पदार्थाला दिलेला एकच क्रमांक. ॲनिलिनचा ६२-५३-३. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. उरलेले अंक उजवीकडून १, २, ३, ४ ने गुणून बेरीज करायची: ३+१०+६+२४=४३, एकक स्थानी ३, म्हणजे क्रमांक बरोबर. 'केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स'ची छपाई २०१० पासून बंद झाली, क्रमांक मात्र टिकला. शोधाची सुरुवात त्यानेच करावी.

प्रक्रियेचा आराखडा हवा तर किर्क-ऑथमर किंवा उलमानचा रासायनिक तंत्रज्ञानाचा कोश, उपकरणांच्या हिशेबाला १९३४ पासून चालत आलेलं पेरीचं केमिकल इंजिनिअरिंगचं हँडबुक. त्यानंतर पेटंट. १९७० च्या कायद्यान्वये भारतात रासायनिक पदार्थावर नव्हे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. हे २००५ पर्यंत चाललं. त्यामुळे त्या काळातली भारतीय पेटंटं प्रक्रियेसाठी आवर्जून पाहावीत. देशोदेशीची पेटंटं जमवणारी केंद्र सरकारची पेटंट माहिती यंत्रणा १९८० मध्ये नागपुरातच सुरू झाली, हे इथल्याच मुलांना क्वचित ठाऊक असतं. पेटंटातलं उदाहरण बहुधा काही ग्रॅमचं असतं. तीच कृती टनांच्या रिॲक्टरला लावली की उष्णता काढायचा प्रश्न कागदावर दिसतच नाही.

जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो जर्नलं खुली झाली. कोश आणि हँडबुकं त्यात नाहीत. त्यासाठी ग्रंथालयाचं कपाटच गाठावं लागतं.

सर्वात जास्त घोळ आकड्यांत होतो. तापमानावरून बाष्पदाब काढायच्या अँटॉइन सूत्रातले पाण्याचे स्थिरांक ८.०७१३१, १७३०.६३, २३३.४२६ हे मिमी पारा (दाबाचं एकक) आणि सेल्सिअससाठी आहेत. तापमान १०० घातलं की बाष्पदाब ७६० येतो. त्यातच केल्विनमधले ३७३ घातले तर सुमारे १ लाख ६५ हजार! निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या वेबबुकातले स्थिरांक बार आणि केल्विनचे असतात. म्हणून स्थिरांक उतरवताना एकक आणि तापमानाची मर्यादा त्याच ओळीत लिहायची.