कृष्णवर्णीय स्ट्रिंग बँड आणि ब्लूजची मैफल

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आफ्रिकी वंशाच्या लोकांनी फिडल, बँजो व गिटार यांवर घडवलेले नाचाचे संगीत आणि त्याच्या शेजारीच वाढलेले ब्लूज गायन यांचा एकत्र सादर होणारा कार्यक्रम. वादक रंगमंचावर आणि श्रोते खुर्च्यांत ही आजची मांडणी असली, तरी हे संगीत मुळात बसून ऐकण्याचे नव्हते. मक्याची कणसे सोलायला शेजारीपाजारी जमत, काम उरकले की सामान हलवून खोली मोकळी केली जाई आणि रात्र सरेपर्यंत नाच चाले. अशा जमण्याला ‘फ्रॉलिक’ म्हणत आणि स्ट्रिंग बँडचे खरे घर तेच.

बँजो हे या संगीताचे ओळखीचे वाद्य. (गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या ‘बेंजो’शी त्याचा नावापलीकडे संबंध नाही, ते कळांचे वाद्य जपानी तैशोगोतोच्या कुळातले आहे.) भोपळ्यावर कातडे ताणून त्यात दांडी बसवलेली वाद्ये पश्चिम आफ्रिकेत आजही वाजतात, सेनेगल-गाम्बियातील जोला लोकांचे अकाँटिंग हे त्यांपैकी एक. गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी कॅरिबियन बेटांवर या घराण्याला नवे रूप दिले. 1687 मध्ये जमैकाला गेलेले डॉक्टर हान्स स्लोन यांनी तिथे पाहिलेल्या अशा वाद्यांचे चित्र 1707 मध्ये छापले. पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते आणि सतारीच्या चिकारीप्रमाणे एकाच स्वरावर वाजत राहते. जुन्या पद्धतीत तर्जनी किंवा मधल्या बोटाच्या नखाने तारेवर वरून खाली आघात करतात आणि त्याच झोकात अंगठा आखूड तारेवर टेकवून सोडतात. अकाँटिंगवरही हात असाच चालतो. वाद्याच्या आकारापेक्षा हाताच्या या चालीतच त्याच्या वंशाचा पुरावा अधिक ठळक आहे, असे म्हणता येईल.

फिडल, म्हणजे व्हायोलिनच, युरोपातून आले. पण मळेवाल्यांच्या नाचाला ते वाजवायला बहुधा गुलामच बसत. सॉलोमन नॉर्थप या न्यूयॉर्क राज्यातील स्वतंत्र कृष्णवर्णीय फिडलवादकाला 1841 मध्ये दोन माणसांनी सर्कशीत वादनाचे काम देतो म्हणून नेले आणि गुलाम म्हणून विकले. त्याची सुटका व्हायला 1853 उजाडले. 1840 च्या दशकात गोरे नट चेहऱ्याला काळे फासून बँजो वाजवू लागले. या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांनी वाद्य देशभर नेले, पण त्याला अशी हेटाळणी चिकटवली की पुढे अनेक कृष्णवर्णीयांनी ते बाजूलाच ठेवले.

दुसरा घाव ध्वनिमुद्रिकांच्या धंद्याने घातला. 1920 च्या दशकात कंपन्यांनी दोन याद्या केल्या : कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस’ आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी ‘हिलबिली’. कृष्णवर्णीयाने ब्लूज गावा आणि फिडलच्या चाली गोऱ्याने वाजवाव्यात, असा जणू दंडकच झाला. त्यामुळे फिडल-बँजो वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय जोड्यांचे ध्वनिमुद्रण फारच थोडे झाले. या विभागणीचा पोकळपणा 1930 मध्ये टेनेसीतील नॉक्सव्हिल येथे कृष्णवर्णीय फिडलवादक हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांच्या चमूने केलेल्या ध्वनिमुद्रणात उघडा पडतो. तेच वादन रेस यादीत ‘टेनेसी चॉकलेट ड्रॉप्स’ या नावाने आणि हिलबिली यादीत ‘टेनेसी ट्रिओ’ या नावाने विकले गेले.

ब्लूजचा प्रचलित साचा बारा मात्रागटांचा असतो. पहिली ओळ दोनदा गातात आणि तिसरीत तिला उत्तर येते. गंधार व निषाद कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावले जातात. एकटा गायक आणि त्याची गिटार हे ब्लूजचे सर्वपरिचित चित्र मात्र अपुरे आहे. मिसिसिपीतील बोल्टनच्या चॅटमन कुटुंबातून निघालेल्या ‘मिसिसिपी शीक्स’ या बँडचे ‘सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड’ हे 1930 चे गाजलेले गीत लॉनी चॅटमन यांच्या फिडलवर उभे आहे. पुढे ते बॉब विल्स यांच्या वेस्टर्न स्विंगमध्येही (जॅझची लय मिसळलेल्या गोऱ्यांच्या नाच-संगीतातही) गेले आणि हाउलिन वुल्फ यांच्या विजेवरच्या ब्लूजमध्येही. मेम्फिसच्या बँडांनी ब्लूजमध्ये रिकाम्या सुरईत फुंकून काढलेला खर्ज मिसळला.

आजच्या मैफलीचे रूप बरेचसे 2005 नंतरचे आहे. त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे कृष्णवर्णीय बँजोवादकांचे संमेलन भरले. तिथे भेटलेले रिअॅनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन दर गुरुवारी मेबेन गावी जो थॉम्पसन (1918–2012) यांच्या घरी शिकायला जाऊ लागले. थॉम्पसन फ्रॉलिकमध्ये वाजवत मोठे झालेले फिडलवादक होते. या तिघांनी आर्मस्ट्राँग यांच्या चमूची आठवण म्हणून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हे नाव घेतले आणि त्यांच्या 2010 च्या अल्बमला ग्रॅमी मिळाले. त्यांच्या कार्यक्रमात फिडलच्या चाली, ब्लूज, हाताच्या बोटांत धरून वाजवायची हाडे आणि सुरई असे सारे एकाच बैठकीत येई, वाद्येही हातोहाती फिरत. गिडन्स वाजवतात तो पडद्यांविना बँजो 1858 च्या, म्हणजे मिन्स्ट्रेल खेळांच्या भरातल्या, एका बँजोची प्रतिकृती आहे.