भूलवायू व हृद्गती

श्वासावाटे दिलेल्या भूलवायूंमुळे शस्त्रक्रियेदरम्यान नाडी मंदावते, वाढते किंवा अनियमित होते. प्रस्तुत नोंदीत या बदलांची कारणे व त्यांवरील उपाय दिले आहेत.

भूलवायू थेट हृदयावर परिणाम करतात की श्वसन बंद पडल्यामुळे हृदय थांबते, हा वाद जुना आहे. क्लोरोफॉर्मची भूल दिल्यावर हॅना ग्रीनर ही इंग्लंडमधील १५ वर्षांची मुलगी २८ जानेवारी १८४८ रोजी दगावली. तेव्हापासून तो सुरू झाला असे साधारणपणे मानतात. निजामाच्या आश्रयाने हैदराबादचे ब्रिटिश शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांनी नेमलेल्या हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोगांनी (१८८८ व १८८९) प्राण्यांवरील प्रयोगांवरून आधी श्वसन थांबते, हृदय नंतर, असा निष्कर्ष काढला. हिंदुस्थानात श्वसनावर नजर ठेवण्याची शिस्त रुजण्यास त्याची मदत झाली असावी. परंतु इंग्रज वैद्यक गुडमन लेव्ही यांनी १९११ च्या सुमारास दाखवले, की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना ॲड्रेनलिन दिल्यास मांजरांच्या हृदयाच्या निलयांचे (खालच्या कप्प्यांचे) तंतुकंपन होते, म्हणजे ते नुसते थरथरतात व रक्त ढकलू शकत नाहीत. भूलवायू थेट हृदयावर परिणाम करतो, हे लेव्हींचे मत आज अधिक ग्राह्य वाटते. १९५६ मध्ये वापरात आलेल्या हॅलोथेनबाबतही हाच दोष आढळला: त्याच्या भुलेत दर किलो वजनामागे सुमारे २ मायक्रोग्रॅम ॲड्रेनलिन टोचल्यास ठोके बिघडू शकतात. आयसोफ्लुरेनमध्ये ही मर्यादा सुमारे तिप्पट आहे.

हॅलोथेन शिरानाल गाठीचा (हृदयाचे ठोके सुरू करणाऱ्या गाठीचा) वेग कमी करते, त्यामुळे नाडी मंदावते. आयसोफ्लुरेनने ती बहुधा वाढते. डेसफ्लुरेनचे प्रमाण ६ टक्क्यांपलीकडे एकदम नेल्यास अनुकंपी चेतासंस्था (हृदयाची गती वाढवणारी चेतासंस्था) उद्दीपित होऊन नाडी व रक्तदाब दोन्ही उसळतात; ते हळूहळू वाढवल्यास किंवा आधी फेंटानिल हे वेदनाशामक दिल्यास ही उसळी कमी राहते. सेव्होफ्लुरेन सर्वांत सौम्य, मात्र डाऊन लक्षणसमूह असलेल्या मुलांत भूल चढताना नाडी बरीच मंदावते.

मुंबईत १९९० साली जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी देशातील पहिली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया केली. या पद्धतीत पोटात कार्बन डायऑक्साइड भरताना पोटाचे आवरण ताणले जाते आणि प्राणेशा चेतेमार्फत (हृदयाची गती कमी करणाऱ्या व्हेगस चेतेमार्फत) नाडी एकाएकी पडते. अशा वेळी भूलतज्ज्ञ शल्यचिकित्सकाला थांबवून वायू सोडायला सांगतो, बाष्पकाची (भूलद्रव्याची वाफ देणाऱ्या उपकरणाची) मात्रा उतरवतो, प्राणवायू वाढवतो आणि नाडी सावरली नाही तर नाडी वाढवणारे ॲट्रोपिन (प्रौढांस ०.६ मिलिग्रॅम) देतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. केवळ ॲट्रोपिनवर विसंबणे योग्य नव्हे. लहान मुलांत मंद नाडीचे पहिले संशयित कारण प्राणवायूची कमतरता हेच धरावे.

नाडी वाढल्यास भूल हलकी पडली आहे का, रक्तस्राव होतो आहे का, कार्बन डायऑक्साइड साचला आहे का हे आधी पाहतात, नाडी मंदावणारे एस्मोलॉल त्यानंतर. क्वचित घातक अतिज्वराची (भूलवायूमुळे स्नायूंत उष्णता वाढून होणाऱ्या प्राणघातक विकाराची) ही पहिली खूण असते. तेव्हा भूलवायू तत्काळ बंद करून त्यावरील औषध डँट्रोलीन (दर किलोमागे २.५ मिलिग्रॅम) द्यावे लागते.