तिसरीच्या अळ्या : पिशवीतून टाकीत, टाकीतून बुडाला

आमच्याकडून तुम्ही नेता त्या अळ्या पाफिया मलबारिका जातीच्या तिसरीच्या, म्हणजे खाण्याच्या छोट्या शिंपल्याच्या, असतात. फलनानंतर साधारण २४ तासांनी त्यांना डी अक्षराच्या आकाराचं कवच येतं आणि मगच त्या पिशवीत भरल्या जातात. आकार ७० मायक्रॉनच्या आसपास. पिशवी न उघडता अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीतलं पाणी थोडंथोडं पिशवीत घालत अळ्या सोडा.

पाणी
क्षारता ३० ते ३२ पीपीटी (दर हजार भाग पाण्यात क्षाराचे भाग), तापमान २७ ते २९ अंश. पाणी ऐन भरतीला घ्या. पावसाळ्यात खाडीची क्षारता इतकी घसरते की साठवलेलं पाणी नसेल, तर जून ते सप्टेंबर बॅच न घेतलेलीच बरी. पाणी १ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून यूव्हीखालून काढा. क्लोरीन वापरलं असेल तर हायपो (सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन मारणारं) घालून क्लोरीनच्या टेस्ट किटने तपासा. किंचितही रंग आला तर ते पाणी वापरू नका. पंपाला किंवा तोट्यांना पितळ-तांबं नको, अळ्यांना तांब्याचा अंशही बाधतो.

प्रति मिली ५ अळ्या पुरे. ५०० लिटरच्या टाकीत त्या २५ लाख होतात. हवा एअरस्टोनशिवाय, उघड्या नळीतून, मोठे बुडबुडे सावकाश येतील एवढीच सोडा.

खाणं
बहुतेक बॅच उपासमारीने नाही, जास्त खाऊ घातल्याने जातात. उरलेलं शैवाल तळाशी कुजतं, त्यावर व्हिब्रिओ हा जिवाणू वाढतो आणि दोन दिवसांत टाकीतल्या अळ्या मरतात.

सुरुवातीला आयसोक्रायसिस हे सूक्ष्म शैवाल, प्रति मिली ५,००० पेशी. कवचाला गोलाई आली की १०,०००, शेवटी २० ते २५ हजार. तेव्हा निम्मं कीटोसेरॉस हे दुसरं शैवाल चालतं. मापाचा हिशोब असा : ५०० लिटरला १०,००० पेशी म्हणजे एकूण ५०० कोटी. तुमच्या शैवालाच्या कल्चरमध्ये प्रति मिली ५० लाख पेशी असतील, तर एक लिटर लागेल. कल्चर जोमात वाढत असतानाचंच घ्या. तळाला बसलेलं, वास येणारं शैवाल फुकट मिळालं तरी घालू नका.

मात्रा बरोबर आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाखाली रोज सकाळी बघा. कवचातून पोट सोनेरी-तपकिरी दिसलं तर ठीक. पोट फिकं आणि पाण्यात पेशी तशाच शिल्लक, तर अळ्या खात नाहीत. तिथे खाणं वाढवू नका, पाणी बदला. रिकाम्या कवचांत झपाट्याने फिरणारे सूक्ष्मजीव दिसले तर मर सुरू झाली आहे. तळाच्या अळ्या टाकून द्या आणि वर पोहणाऱ्या तेवढ्या नव्या टाकीत घ्या.

पाणी बदलताना
दर दोन दिवसांनी पूर्ण पाणी बदला. चाळणी पहिल्या आठवड्यात ४० मायक्रॉनची, पुढे ८०ची. ती नेहमी घमेल्यातल्या पाण्यात अर्धी बुडवून धरा. कोरड्या जाळीवर सायफनची धार पडली की कवचं फुटतात, आणि ते दिसतं दुसऱ्या दिवशी. नवं पाणी जुन्याच तापमानाचं हवं, फरक १ अंशाच्या आत.

बुडाला बसताना
साधारण दीड-दोन आठवड्यांत, पाणी गार असेल तर उशिरा, अळीला पाय फुटतो. ती थोडं पोहते, थोडं सरपटते. अशा अर्ध्याहून जास्त दिसल्या की १५० मायक्रॉनच्या चाळणीवर गाळून घ्या. वर राहिलेल्या, जाळीच्या तळाच्या उथळ पेटीत वरून खाली हलकं पाणी फिरवून ठेवा. खाली गेलेल्या अजून लहान आहेत, त्या परत टाकीत. वाळू इतक्यात घालू नका : चाळून धुतलेली बारीक वाळू बीज (बुडाला बसलेली पिल्लं) १ मिमीच्या पुढे गेल्यावरच, नाहीतर मेलेलं आणि जिवंत वेगळं करता येत नाही.