प्रांटल-ग्लाउअर्ट नियम

विमानाचा वेग वाढला की हवा दाबली जायला लागते, पुस्तकी मराठीत ह्याला संपीड्यता म्हणतात आणि बोलताना सगळे कॉम्प्रेसिबिलिटीच म्हणतात, तर तिच्यामुळे पंखाची लिफ्ट, म्हणजे विमान वर उचलणारा जोर, किती बदलते ते सांगणारा हा नियम. कृती अगदी छोटी आहे. हवा दाबली जातच नाही असं धरून लिफ्टचा किंवा दाबाचा सहगुणक (वेग, घनता आणि पंखाचं क्षेत्रफळ बाजूला काढून उरणारा निव्वळ आकडा) काढायचा, मग १ मधून माख नंबरचा वर्ग वजा करून त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्यानं भागायचं. माख नंबर म्हणजे वेग भागिले आवाजाचा वेग (बरेच जण मॅक म्हणतात, पण एर्न्स्ट माख ऑस्ट्रियन होता, म्हणून इथं माखच).

हा नियम थिन एअरफॉइल थिअरीवर बसवलेला आहे. त्या थिअरीत पंखाचा छेद इतका पातळ समजतात की त्याची फक्त मधली वाकडी रेषा उरते, त्या रेषेवर भोवऱ्यांची चादर पसरतात आणि चादरीची ताकद अशी निवडतात की हवा रेषेच्या आरपार जाणार नाही आणि मागच्या धारेवरून गुळगुळीत सुटेल. जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलचा विद्यार्थी मॅक्स मुंक अमेरिकेत गेल्यावर त्यानं १९२२ मध्ये हे मांडलं. कोसाइनच्या श्रेणीची जी रीत आज कॉलेजात शिकवतात ती मात्र इंग्लंडच्या ग्लाउअर्टची. उत्तर असं की कोन १ रेडियननं वाढला की लिफ्टचा सहगुणक ६.२८ नं वाढतो, म्हणजे अंशाला साधारण ०.११.

माख ०.३ पर्यंत कॉम्प्रेसिबिलिटी सोडून देतात. तिथं वाहती हवा थांबवली तर घनता जेमतेम ४.५ टक्के वाढते म्हणून, बाकी ०.३ ह्या आकड्यात पवित्र काही नाही. समुद्रसपाटीला आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटर, तेव्हा ही हद्द ताशी ३६७ किलोमीटरला येते, आणि ११ किलोमीटरवर थंडीमुळे आवाज २९५ वर उतरतो तेव्हा ३१९ लाच.

गुणक वर्गमूळातच का येतो हे बरीच पुस्तकं समीकरण ताणून दाखवतात आणि मोकळी होतात. प्रवाहाची एक बारीक नळी डोळ्यासमोर आणा. न दाबणारी हवा असेल तर नळी १ टक्का अरुंद झाली की वेग १ टक्का वाढतो. पण खरी हवा वेग वाढला की विरळ होते, तिला जागा जास्त लागते, म्हणून तेवढ्याच अरुंद नळीतून जायला माख ०.७ ला तिला वेग जवळपास २ टक्के वाढवावा लागतो. मग लिफ्टही दुप्पट व्हायला हवी ना? होत नाही, कारण शेजारच्या नळ्याही बाजूला सरकतात, पंखाचा धक्का वर-खाली जास्त लांब पोचतो आणि अर्धा परिणाम तिथं वाटला जातो. उरतं ते वर्गमूळ, म्हणजे ०.७ ला १.४ पट.

नियम नेमका कोणाचा ह्यावर मतं वेगळी आहेत. लुडविग प्रांटल जर्मनीतल्या गटिंगेनला १९२२ च्या सुमारास व्याख्यानांत तो सांगत होता असं सहसा मानलं जातं, पण तेव्हा त्यानं छापलं काही नाही. त्याच्याकडे काम केलेल्या याकोब आकेरेटनं दशकाच्या उत्तरार्धात तो प्रांटलच्या नावानं नोंदवला. पूर्ण सिद्धता छापली ती इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या हर्मन ग्लाउअर्टनं, १९२८ मध्ये, रॉयल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमध्ये. आता गोम अशी की ग्लाउअर्ट शेफिल्डचा असला तरी घराणं मूळचं जर्मन, भाषा येत होती, आणि पहिल्या महायुद्धानंतर तो गटिंगेनला जाऊनही आला होता, त्यामुळे त्यानं तिथंच ऐकलं असेल असं म्हणायचा मोह होतो. पण त्याची वाट भोवऱ्यांवरून जाते आणि मुळात तो प्रोपेलरवाला, पात्यांची टोकं तेव्हाच आवाजाच्या वेगाजवळ पोचत होती, म्हणजे हा प्रश्न त्याच्या टेबलावर आपोआप आलेला. कल्पना आधी प्रांटलची, सिद्धता स्वतंत्रपणे ग्लाउअर्टची, हे धरणं जास्त सयुक्तिक वाटतं, जोडनावही तेच सांगतं. ग्लाउअर्ट १९३४ मध्ये गेला, घराजवळ झाडांचे बुंधे सुरुंगानं उडवत होते तिथं लांब उभा असताना तुकडा लागून.

पूर्ण पंखाला किंवा विमानाच्या धडाला हाच गुणक सरळ लावला तर चुकतं. तिथं आकार, कोन आणि दाब तिन्ही नीट मोजून बदलावे लागतात, ते जर्मन संशोधक गोटर्टनं १९४० च्या आसपास नीट बसवलं.

गुणक माख ०.५ ला १.१५, ०.६ ला १.२५, ०.८ ला १.६७, आणि १ ला अनंत. अनंत लिफ्ट कुठल्याच पंखाला मिळालेली नाही. पंखावर एखाद्या जागी हवेनं आवाजाचा वेग गाठला की थिअरीचा पायाच निघतो, पुढं शॉक वेव्ह (दाबाची एकदम चढणारी लाट) येते, ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध उसळतो. दुसऱ्या महायुद्धातले पायलट ज्याला कॉम्प्रेसिबिलिटी म्हणून घाबरायचे, लॉकहीडच्या पी-३८ लढाऊ विमानानं खाली सूर मारला की नाक वर न येणं वगैरे, ते सगळं ह्या हद्दीपलीकडचं आणि नियम त्याबद्दल गप्प आहे. ड्रॅगबद्दल तर तो एरवीही काही बोलत नाही. विमानाभोवती दिसणाऱ्या पांढऱ्या ढगाच्या शंकूलाही काही लोक प्रांटल-ग्लाउअर्टचं नाव चिकटवतात, तो निव्वळ दमट हवेतल्या वाफेचे बारीक थेंब होऊन होतो.

आवाजाच्या वेगापलीकडे चालणारा जोडीदार नियम आकेरेटचा, १९२५ चा. तिथं लिफ्टचा सहगुणक रेडियनला वाढतो ४ भागिले माखच्या वर्गातून १ वजा केल्याचं वर्गमूळ, आणि लिफ्टचा केंद्रबिंदू कॉर्डच्या (पुढच्या धारेपासून मागच्या धारेपर्यंतच्या लांबीच्या) पाव अंतरावरून अर्ध्यावर सरकतो.

आवाजाखाली पंख जाड असला की नियम दाबातला बदल कमी सांगतो, म्हणून १९३९ मध्ये अमेरिकेत कॅलटेकला त्सिएननं आपला गुरू फॉन कारमानच्या सूचनेवरून सुधारित सूत्र काढलं. एमआयटीतल्या एक्सफॉइल ह्या पंखाचा छेद तपासायच्या प्रोग्रॅममध्ये कारमान-त्सिएन आहे, तिथल्याच पूर्ण विमानासाठीच्या एव्हीएल प्रोग्रॅममध्ये अजून प्रांटल-ग्लाउअर्टच.