मॉर्फिनची भीती आणि डोसचे नियम, दोन्ही आले कुठून

कॅन्सरच्या पेशंटला मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं दुखणं शमवायचं औषध, लिहून दिलं की घरचे दोन गोष्टींना घाबरतात, एक म्हणजे सवय लागेल आणि दुसरं म्हणजे आता शेवट जवळ आला. ह्या भीतीपायी माणसं रात्र रात्र तळमळत काढतात, म्हणून हे सगळं कसं घडत गेलं ते लिहायचंच होतं.

पूर्वी पद्धत अशी होती की पेशंट कळवळायला लागला की मग इंजेक्शन. लंडनमध्ये 1967 साली सिसिली सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं आणि तिथे उलटं केलं, दुखणं डोकं वर काढायच्या आधीच पुढचा डोस, तोही तोंडावाटे, घड्याळ बघून. 1986 मध्ये डब्ल्यूएचओने हेच तीन पायऱ्यांच्या शिडीत मांडलं, आधी पॅरासिटामॉलसारखी औषधं, मग कोडीन, मग मॉर्फिन.

साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर साधारण 4 तास टिकतो म्हणून दर 4 तासांनी. नवीन पेशंटला बहुतेकदा 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात, म्हाताऱ्या माणसाला त्याहून कमी, आणि मग दुखणं आणि गुंगी दोन्ही बघत डॉक्टर वाढवत नेतात. समजा 10 मिलिग्रॅम दिवसातून 6 वेळा चाललंय, म्हणजे एकूण 60, तर मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस त्याचा सहावा भाग, 10. किडनी नीट काम करत नसेल तर औषधाचे अंश शरीरात साठतात, गुंगी वाढते, श्वास मंदावतो, तिथे डोस कमी किंवा औषधच दुसरं. फेन्टानिल हे मॉर्फिनच्याच जातीचं औषध, त्याचा कातडीवर चिकटवायचा पॅच 72 तास चालतो पण आधी मॉर्फिनसारखी औषधं चालू नसलेल्याला तो लावायचा नाही. आणि बद्धकोष्ठ होणारच धरून पोट साफ करणारं औषध पहिल्या दिवसापासून!

अमेरिकेत हे तारतम्य सुटलं. 1980 मध्ये एका मेडिकल जर्नलमध्ये हॉस्पिटलमधल्या पेशंटबद्दल पाच वाक्यांचं पत्र छापून आलं, सवय क्वचितच लागते असं, आणि पुढे ते कुठल्याही जुनाट दुखण्याला लावलं गेलं. 1996 ला ऑक्सिकॉन्टिन ही मॉर्फिनच्याच जातीची गोळी बाजारात आली, ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने 2007 मध्ये खोट्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. मग 2016 च्या सरकारी गाइडलाइनमधला दिवसाला 90 मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या डोसचा आकडा धरून कित्येकांचे डोस एकदम तोडले गेले, लोकांचे हाल झाले, 2022 मध्ये ती गाइडलाइन बदलावी लागली. दोन्ही वेळा समोरच्या माणसाकडे बघायचं राहून गेलं, हे मला फार लागतं.

आपल्याकडे वेगळंच. नीमच, मंदसौर, चित्तोडगडकडे अफूची शेती लायसन्सवर होते, पण 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, शिक्षा किमान 10 वर्षं, मॉर्फिन ठेवायला आणि न्यायला वेगवेगळे परवाने, मग केमिस्ट आणि हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडलं. 1997 मध्ये अख्ख्या देशात मॉर्फिनचा वापर झाला फक्त 18 किलो. केरळात कोझिकोडला 1993 पासून डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशंटला गोळ्या घरी देऊन दाखवल्या, मुंबईत बांद्र्याचं शांती अवेदना सदन हे हॉस्पिस 1986 पासून आहे. शेवटी 2014 मध्ये कायदा बदलला, आता मान्यताप्राप्त संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच परवानगी पुरते. तरीही सगळीकडे साठा नसतो, त्यामुळे घरात कॅन्सरचा पेशंट असेल तर जवळच्या कुठल्या हॉस्पिटलला ही मान्यता आहे ते वेळेत विचारून ठेवा, दुखणं वाढायची वाट बघू नका.